लेकीला परदेशात डॉक्टर करायचंय? पैसे भरायच्या आधी कॉलेज तपासा



मागच्या महिन्यात एका गटाच्या मासिक सभेला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, आणि शेवटी एका ताईंनी कर्जाचा अर्ज पुढे केला. रक्कम तीन लाख. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं, 'मुलीचे शिक्षण'. एरवी शिक्षणाचं कर्ज म्हटलं की आपल्याकडे कुणी फार खोदून विचारत नाही. पण रक्कम मोठी होती म्हणून अध्यक्ष ताईंनी विचारलं, "कसलं शिक्षण गं?"

मग सगळं बाहेर आलं. मुलीला नीटमध्ये २८० मार्क पडले. ती पात्र झाली, पण एवढ्या मार्कांवर सरकारी कॉलेज मिळायचं नाही. तेवढ्यात तालुक्याच्या गावी एका कन्सल्टन्सीने हॉलमध्ये कार्यक्रम घेतला. जॉर्जिया देशात डॉक्टरकी, सहा वर्षं, 'सगळं मिळून पंचवीस लाख', आणि सीट धरून ठेवायला आठ दिवसांत तीन लाख भरायचे.

"कॉलेजचं नाव काय?" मी विचारलं.

ताईंनी पिशवीतून चकचकीत पत्रक काढलं. त्यावर पाच कॉलेजांचे फोटो होते. "यातलं एक देतील म्हणालेत," त्या म्हणाल्या.

शेळी घ्यायला गेलो तर आपण दात बघतो, कास बघतो, दोन वेळा दूध काढून बघतो. इथे मुलीची सहा-सात वर्षं आणि घरची जमीन पणाला लागणार, आणि 'यातलं एक देतील' एवढ्यावर पैसे निघणार होते. ताईंना बोल लावत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की कॉलेज आपण निवडायचं असतं. म्हणून या महिन्याचं अभ्यासाचं पान या विषयावर. शक्यतो सभेत मोठ्याने वाचा, बारावी सायन्सची मुलं घरात असतील तर त्यांनाही बसवा.

आधी हे समजून घेऊ की इतकी मुलं बाहेर का जातात. नीटला दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं बसतात आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या साधारण निम्म्या खासगी, तिथली फी आपल्या आवाक्याबाहेरची. म्हणून रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, फिलिपिन्स. या देशांत आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतली मुलं शिकतात. त्यातली कितीतरी चांगली डॉक्टर होऊन परतली आहेत. तेव्हा बाहेर जाणं चुकीचं, असं मी म्हणत नाही.

अडचण वेगळी आहे. बाहेरची डिग्री घेऊन आलं की इथे लगेच दवाखाना टाकता येत नाही. परत आल्यावर एफएमजीई नावाची परीक्षा द्यावी लागते. दिल्लीचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेतं. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० बरोबर यावे लागतात. ऐकायला सोपं वाटतं. पण अलीकडच्या बऱ्याच परीक्षांत दर चार-पाच मुलांमागे साधारण एकच पास झालं आहे. पास झाल्यावर भारतातल्या दवाखान्यात एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायमची नोंदणी. (कायद्यात असं आहे की पुढे या परीक्षेच्या जागी 'नेक्स्ट' नावाची परीक्षा येणार. नाव बदललं तरी अडसर तोच.)

माझ्या दिराचा मुलगा असाच गेला होता. देशाचं, कॉलेजचं नाव घेत नाही. सहा वर्षं शिकला, डिग्री घेऊन आला, गावात पेढे वाटले. परीक्षा तिसऱ्या वेळी निघाली. मधली दीड वर्षं तो कुणाच्या लग्नालासुद्धा येत नव्हता, कारण जो तो विचारायचा, "डॉक्टरसाहेब, दवाखाना कुठे टाकला?" नंतर बोलता बोलता तो म्हणाला, "काकू, आमच्या कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटलच नव्हतं. पेशंट आम्ही व्हिडिओत पाहिले." हे जायच्या आधी विचारता आलं असतं. आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

तर आता मुद्द्याचं. कॉलेज निवडायला सुरुवात पत्रकावरच्या फोटोपासून करायची नाही, शेवटापासून करायची. शेवटी मुलीला इथे नोंदणी मिळायला हवी. त्या नोंदणीला काय लागतं ते बघायचं, आणि जे कॉलेज त्यात बसत नाही त्यावर काट मारायची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, १८ नोव्हेंबर २०२१ ला याचे नियम काढले. त्यानंतर परदेशात प्रवेश घेतलेल्या सगळ्यांना ते लागू आहेत. भाषा सरकारी आहे, मी आपल्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, शिक्षण कमीत कमी ५४ महिन्यांचं पाहिजे. साडेचार वर्षं. महिने मोजा, 'कोर्स मोठा आहे' या शब्दावर जाऊ नका. फिलिपिन्समध्ये डॉक्टरकीचा मुख्य कोर्स चार वर्षांचा असतो, म्हणजे ४८ महिने. त्याआधी बीएस म्हणून एक वेगळी डिग्री करावी लागते. एजंट दोन्हींची बेरीज करून दाखवतात, पण ती बीएस डॉक्टरकीच्या शिक्षणात धरली जात नाही. यात पुष्कळ मुलं अडकली.

दुसरी, त्यावर बारा महिन्यांची इंटर्नशिप, आणि तीही त्याच परदेशी कॉलेजात. 'इंटर्नशिप इंडियात येऊन करा, इथलं आम्ही सांभाळतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच उठायचं. इथली एक वर्षाची इंटर्नशिप वेगळी, ती परत आल्यावर करायचीच आहे. तिथली आणि इथली, दोन्ही लागतात. यातच आणखी एक अट आहे. सगळं शिक्षण एकाच कॉलेजात व्हायला हवं. दोन वर्षं एका देशात, मग पटलं नाही म्हणून दुसऱ्या देशात, हे चालत नाही. म्हणून पहिली निवडच विचार करून करायची.

तिसरी, शिकवणं इंग्रजीतून. इथे फार बारकाईने विचारा. काही कॉलेजांत पहिली दोन-तीन वर्षं इंग्रजी आणि पुढे तिथली भाषा असते. पत्रकावर मात्र नुसतं 'इंग्रजी माध्यम' लिहिलेलं. विचारायचं असं, "सहाच्या सहा वर्षांचे वर्ग आणि परीक्षा इंग्रजीतून आहेत का?" पेशंटशी मात्र त्यांच्याच भाषेत बोलावं लागणार. रशियात रशियन, जॉर्जियात जॉर्जियन. ती भाषा कॉलेज शिकवतं का, कोणत्या वर्षापासून शिकवतं, हेही विचारा. नाहीतर पोरगी वॉर्डात जाईल आणि पेशंटला 'कुठे दुखतंय' एवढंसुद्धा विचारू शकणार नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात कमी विचारली जाते आणि सगळ्यात मोठी आहे. डिग्री मिळाल्यावर त्या देशात डॉक्टर म्हणून काम करायचं लायसन मिळण्याची पात्रता मुलीत आली पाहिजे, आणि ते लायसन तिथल्या स्वतःच्या नागरिकांना मिळतं तसंच पाहिजे. काही देशांत परदेशी मुलांसाठी वेगळाच कोर्स काढलेला असतो. तो करून त्या देशात डॉक्टर होता येत नाही, नुसतं परत जाता येतं. तसला कोर्स आपल्याकडेही चालत नाही. साधा विचार करा. जे शिक्षण तिथल्या माणसांवर उपचार करायला पुरत नाही, ते आपल्या माणसांना कसं पुरेल?

या चार अटींत बसतं की नाही, हे कॉलेजकडूनच लेखी घ्यायचं. मुलीने स्वतः कॉलेजच्या प्रवेश विभागाला ईमेल करायचा. एजंटमार्फत नाही. कोर्स किती महिन्यांचा, इंटर्नशिप कुठे आणि किती, सगळी वर्षं इंग्रजीतून का, आणि डिग्रीनंतर या देशाचं लायसन परदेशी विद्यार्थ्याला तिथल्या नागरिकासारखंच मिळतं का. चार ओळींचं काम आहे. बारावी झालेल्या मुलीला तेवढं इंग्रजी येतं, नसेल तर शाळेच्या सरांना दाखवावं. उत्तर आलं तर प्रिंट काढून फाइलला लावा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजा. जे कॉलेज पैसे भरायच्या आधी बोलत नाही, ते भरल्यानंतर काय बोलणार!

आता एजंट लोकांची दोन ठरलेली वाक्यं. 'कॉलेज एनएमसी मान्यताप्राप्त आहे.' एनएमसी परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही आणि मान्य कॉलेजांची यादीही काढत नाही. नियम देतं, तपासायचं काम आपलं. दुसरं, 'डब्ल्यूएचओची मान्यता आहे.' जागतिक आरोग्य संघटनाही कॉलेजांना मान्यता देत नाही. एक जागतिक यादी आहे खरी, 'वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स'. ती मोबाईलवर फुकट बघता येते. कॉलेजचं नाव त्यात नसेल तर ते सोडूनच द्या. पण नाव असलं म्हणजे कॉलेज चांगलं, असं मात्र नाही. मतदार यादीत नाव असलं म्हणून माणूस भला ठरतो का, तसंच हे.

सगळेच कन्सल्टन्सीवाले फसवतात असंही नाही. कागदपत्रं, अपोस्टिल, व्हिसा, तिकीट या कामात त्यांची मदत होते, त्याचे पैसे घ्यावेत, पावती द्यावी. पण कॉलेज त्यांनी निवडायचं नाही. बऱ्याच वेळा कॉलेजकडून त्यांना मुलामागे कमिशन मिळतं. मग ते कुठलं कॉलेज पुढे करतील, हे दुधाच्या डेअरीवर मापात माप मारणारा पाहिलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

चार अटींतून जी कॉलेजं उरतील त्यांतून तीन-चारांची यादी करायची. इथे तुलना कशावर करायची?

मी सगळ्यात आधी निकाल बघेन. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एफएमजीईचे निकाल देशवार आणि कॉलेजवार प्रसिद्ध केलेले आहेत. कुठल्या कॉलेजची किती मुलं बसली आणि किती पास झाली, हे त्यात दिसतं. मुलीला ते शोधायला लावा. तीन मुलं बसून दोन पास झाली असतील तर त्या आकड्याला अर्थ नाही. दोनशे-तीनशे मुलं बसली असतील तर आकडा बोलतो. एकाच देशात शेजारच्या दोन कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक सापडतो, म्हणून 'रशिया चांगला का जॉर्जिया चांगला' हा प्रश्नच अर्धवट आहे.

मग हॉस्पिटल. कॉलेजचं स्वतःचं आहे का, खाटा किती, मुलांना कोणत्या वर्षापासून वॉर्डात नेतात. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. थंड देशात शिकणाऱ्या मुलीला मलेरिया, डेंग्यू, मण्यार-घोणस चावलेला पेशंट बघायला मिळणं कठीण. इथल्या परीक्षेत मात्र ते विचारतात. आपल्या लसीकरणाचं वेळापत्रक, टीबीचा कार्यक्रम, हेही विचारतात. आपल्या आशाताईला जे तोंडपाठ असतं ते परदेशातल्या वर्गात कुणी शिकवत नाही! या बाबतीत नेपाळ आणि बांगलादेश जवळचे. आजार सारखे, पुस्तकं बरीचशी तीच. नेपाळमध्ये कोर्स साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, अगदी आपल्यासारखा. बांगलादेशात पाच वर्षं आणि एक वर्ष. फी मात्र जास्त असते. जिथे जाईल तिथे, मुलीने पहिल्या वर्षापासून इथल्या परीक्षेचा अभ्यास बरोबरीने करायचा, हे घरातूनच ठरवून पाठवा.

तिथे शिकत असलेल्या मुलांशी बोला. एजंटने दिलेल्या नंबरवर नको, तो चांगलंच बोलणार. आपल्या तालुक्यातली, ओळखीतली शोधा. शेवटच्या वर्षाची असतील तर उत्तम. मुलीला मुलीशीच बोलू द्या. होस्टेल, रात्रीचं येणं-जाणं, जेवण, आजारी पडलं तर कोण बघतं, हे ती आपल्यासमोर विचारणार नाही कदाचित.

देशाची शांतताही बघायला हवी. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि वीस हजारांहून जास्त भारतीयांना परत आणावं लागलं, त्यात बहुतेक शिकणारी मुलं. त्याआधी करोनात चीनला शिकणारी मुलं दोन-अडीच वर्षं घरी बसून ऑनलाइन शिकली. डॉक्टरकी ऑनलाइन शिकून कशी येणार? नंतर नोंदणीच्या वेळी त्यांना जादा इंटर्नशिप करायची वेळ आली. युद्ध सांगून येत नाही, हे खरं. पण ज्या देशाच्या सीमेवर आजच धुसफूस आहे तिथे पाठवताना डोळे उघडे ठेवावेत.

पैशाचं आता. 'सगळं मिळून पंचवीस लाख' यातलं 'सगळं' म्हणजे काय, ते कागदावर मागा. फी, होस्टेल, मेस, विमा, दरवर्षीचं व्हिसाचं काम, येण्या-जाण्याची तिकिटं, परत आल्यावरच्या परीक्षेचा क्लास. फी बहुधा डॉलरमध्ये असते, हे विसरू नका. २०१४ साली डॉलर साठ-एकसष्ट रुपयांना होता, २०२४ संपताना पंच्याऐंशीच्या घरात गेला. वर्षाला पाच हजार डॉलर फी असेल तर तेव्हा तीन लाख पाच हजार पडायचे, नंतर सव्वाचार लाख. कॉलेजने एक पैसा वाढवला नाही तरी आपल्याला एक लाख वीस हजार जास्त.

गटाच्या कर्जाचा हिशोबही मांडूया. तीन लाख, महिना शेकडा एक रुपया व्याज, म्हणजे महिन्याला तीन हजार नुसतं व्याज. वर्षाचे छत्तीस हजार. मुलगी कमावती व्हायला सहा वर्षं शिक्षणाची, मग परीक्षा, मग इथली इंटर्नशिप. आठ वर्षं धरा. तोवर हप्ता कशातून भरणार? गटाचं अंतर्गत कर्ज खतासाठी, दवाखान्यासाठी, दुकानात माल भरायला आहे. आठ वर्षांच्या शिक्षणाला ते पुरं पडत नाही, आणि तीन लाख एकाच घरात अडकले तर बाकीच्या नऊ जणींनी कुणाकडे जायचं? त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. त्यात शिक्षण संपेपर्यंत हप्त्याला सवलत असते. चार लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, साडेसात लाखांच्या पुढे मागतात. आणि बँक मॅनेजर कॉलेजचं नाव ऐकून 'हे बसत नाही' म्हणाला तर रागावू नका, का बसत नाही ते विचारा. त्यातून कॉलेजबद्दलच काही कळेल.

आणखी एक, बाहेरचा विचार पक्का करण्याआधी. राज्यात २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात, कॅप फेरीतून प्रवेश मिळाला तर शिक्षण फी माफ आहे. आपल्या मुलीच्या कोर्सला आणि कॉलेजला ते लागू होतं का, विचारून या. बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी यांच्याही फेऱ्या असतात. मुलीचं मन एमबीबीएसवरच असेल तर तेही ऐकायला हवं. पण हे दार न उघडताच तीन लाख भरायला नकोत. नीटमध्ये पात्र असेल तर तो निकाल परदेशातल्या प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. म्हणजे 'आठ दिवसांत भरा नाहीतर वर्ष गेलं' ही घाई एजंटची, आपली नाही. पात्रच नसेल तर मात्र कुणी काहीही म्हणो, पाठवू नका. नीट पात्रतेशिवाय केलेल्या डिग्रीला इथे नोंदणी नाही.

या सगळ्यावर त्या दिवशी सभेत दीड तास गेला. आनंदीबाई जोशींचा विषयही निघाला, कुणीतरी म्हणालंच, "त्या नाही का गेल्या अमेरिकेला १८८३ मध्ये, तेव्हा कुठे होत्या चौकश्या?" होत्या की! त्या जायच्या आधी काही वर्षं पत्रव्यवहार चालला होता. न्यूजर्सीतल्या एका बाईंशी ओळख त्या पत्रांतूनच झाली, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी स्वतः अर्ज केला. पत्र पोचायला महिना लागायचा त्या काळात. आपल्याकडे मोबाईल आहे.

ताईंचा अर्ज गटाने नामंजूर केला नाही, पुढच्या सभेवर ठेवला. ठराव असा लिहिला की कॉलेजचं नाव आणि चार प्रश्नांची लेखी उत्तरं आल्याशिवाय चर्चा नको, आणि तोवर बँकेत चौकशी करायला सचिव ताई त्यांच्यासोबत जातील. ताई जरा हिरमुसल्या. मुलगी दाराशी उभी होती, ती मात्र पत्रक मागून घेऊन गेली.

परवा तिचा फोन आला होता. पाचही कॉलेजांना तिने ईमेल केले. दोघांची उत्तरं आली. एकाने लायसनच्या प्रश्नाला सोडून बाकी तिन्हींना उत्तर दिलं. दुसऱ्याने चारही प्रश्नांची उत्तरं दिलीत, वर फीचा तक्ता पाठवलाय आणि हॉस्पिटलचं नाव कळवलंय. तिघांचं अजून काही नाही. कन्सल्टन्सीवाला रोज फोन करतोय, आता म्हणतो तीन नाही, एक लाख भरा. ती आता कॉलेजवार निकाल शोधत बसली आहे. "मॅडम, आकडे लई छोट्या अक्षरात आहेत," म्हणाली, "पण सापडतील."